बाबांच्या कॅसेटी सापडल्यात, तुमच्याकडे कुणाकडून आलेलं गाणं आहे का?

बार्शीची_धाकटी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मागच्या वर्षी आई गेली. दिवाळीनंतर आम्ही दोघी बहिणी बार्शीचं घर रिकामं करायला गेलो तेव्हा माळ्यावर पितळी पातेल्यांच्या मागे सुतळीने बांधलेला एक बुटांचा खोका निघाला आणि त्यात बाबांच्या कॅसेटी. ४३ आहेत. पाच-सहा विकतच्या, बाकी सगळ्या घरी रेडिओवरून भरलेल्या. प्रत्येकीवर निळ्या शाईत बाबांचं तिरकं बारीक अक्षर, तारीख, वार, कोण गातंय, राग कुठला, आणि राग नाही कळला तर तिथे नुसतं प्रश्नचिन्ह. काही प्रश्नचिन्हं नंतर खोडून वेगळ्या शाईत रागाचं नाव घातलंय, म्हणजे कुणाला तरी विचारून आले असणार.

बाबा नगरपालिकेत क्लार्क होते. गाणं शिकलेले नव्हते, घरात पेटीसुद्धा नव्हती. पण शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा तेव्हा आमच्या घरात कर्फ्यू. रेडिओ फळीवर, त्याच्यासमोर स्टूल, स्टुलावर दोन पाट आणि पाटांवर आत्येभावाने मस्कतहून आणलेला टेपरेकॉर्डर, कारण त्याचा माइक बरोब्बर रेडिओच्या जाळीसमोर यायला पाहिजे. पंखा बंद. बार्शीत एप्रिल-मे मध्ये पंखा बंद म्हणजे काय ते तिकडच्या माणसालाच कळेल. आजीला खोकला आला तर ती पदराचा बोळा तोंडाशी धरून परसात जायची. अर्ध्या तासाने कॅसेट उलटायची वेळ यायची तेव्हा बाबा आधीपासून बटणावर बोट ठेवून बसायचे, गाणं थोडंसुद्धा सुटायला नको म्हणून.

आणि रोज पहाटे साडेपाचला कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं, ती कॅसेट विकतची होती. मला लहानपणी ती अजिबात आवडायची नाहीत, खरं तर भीतीच वाटायची. आवाज एकदम वर जायचा आणि वरच तुटायचा, मग नुसती शांतता, मग परत कुठून तरी खालून यायचा. मी गोधडी डोक्यावरून घ्यायचे. कुमार गेल्याची बातमी आली तो रविवार होता, १२ जानेवारी १९९२. मी सात-आठ वर्षांची. बाबा त्या रात्री जेवले नाहीत एवढंच आठवतंय, आणि आईने पण आग्रह केला नाही.

बाबा २००१ ला गेले, मी बारावीला होते. त्यानंतर वीसेक वर्षं मी यातलं काहीच ऐकलं नाही, कुणी लावलं तर उठून जायचे. मग आईच्या आजारपणात एका रात्री हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर बसले होते, झोप येईना म्हणून फोनवर लावलं, आणि तेव्हापासून रोज ऐकते. ज्या शांततेची भीती वाटायची ती आली की आता बरं वाटतं. असं का झालं ते मला खरंच नीट सांगता येत नाहीये.

तर विचारायचं हे की या कॅसेटी कॉम्प्युटरवर कशा घ्यायच्या, दुकानात द्यायची हिंमत होत नाहीये, हरवल्या तर काय करू. आणि दुसरं म्हणजे तुमच्याकडे असं गाणं किंवा असा आवाज आहे का जो तुम्ही स्वतः शोधलेला नाही, कुणाकडून तरी तुमच्यापर्यंत आलाय? नुसतं नाव नका टाकू प्लीज, त्यात तुम्हाला काय ऐकू येतं ते सांगा.


मिरजेचा_जवारीवाला

ताई, पहिली गोष्ट, घाईने कुठलीही कॅसेट मशीनमध्ये घालू नका. आधी खिडकीच्या उजेडात धरून बघा, टेपच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट बाजूला ठेवा, ती एकटी लावली तरी बुरशी मशीनच्या हेडवर जाते आणि तिथून बाकीच्यांना लागते. मग कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात त्या तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी पुसलं जाणार नाही. मग बघायचं ते टेपच्या मागे मधोमध, पातळ पट्टीवर बोटाच्या नखाएवढा फेल्टचा तुकडा असतो, तो टेपला हेडवर दाबून धरतो. इतक्या वर्षांत त्याचा गोंद सुकून तो गळून पडलेला असतो आणि माणसाला वाटतं रेकॉर्डिंगच गेलं, आवाज एकदम भिंतीपलीकडून आल्यासारखा येतो. रेकॉर्डिंग कुठे जात नाही. एखाद्या बिनकामाच्या कॅसेटमधला तुकडा काढून तिथे लावायचा, बस.

त्यानंतर टेप एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, वर्षानुवर्षं पडून थर एकमेकांना चिकटतात. ९० मिनिटांच्या कॅसेटची टेप ६० वाल्यापेक्षा पातळ असते, तिला हाताने पेन्सिल घालून गुंडाळलेलं बरं. हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने कानकाडीच्या कापसाने पुसा. मग डेकच्या लाइन आउटमधून वायर लॅपटॉपला, ऑडॅसिटी फुकट मिळतं, वॅव्ह फाइलमध्ये घ्या, एमपीथ्री नंतर करता येते. टेपची सूंसूं कमी करायला त्यात नॉइज रिडक्शन आहे, सुरुवातीचा एक-दोन सेकंदांचा रिकामा तुकडा निवडायचा, त्याचं प्रोफाइल घ्यायचं आणि सगळ्या फाइलला लावायचं. पण मूळ फाइल आधी वेगळी ठेवा.

अजून एक. डेक जुना असेल तर आतला बेल्ट सैल झालेला असतो आणि स्पीड कमीजास्त होतो. हे तानेत कळत नाही, तंबोऱ्यात कळतं. गायक सुरू व्हायच्या आधी तंबोरा एकटा वाजतो ना, तिथे कान द्या, स्वर स्थिर असला पाहिजे, बोटीत बसल्यासारखा डुलायला लागला तर बेल्ट बदला.

हे मला कळतं कारण आमचं घरचं कामच तंबोऱ्याचं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पण तेच आहे. मला कुठलं एक गाणं असं नाहीच, माझ्याकडे वडिलांकडून नुसता तंबोरा आला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा येतो, वाळतो, कापला जातो, दांडी बसते, तबली बसते, पॉलिश होतं, सगळं झालं तरी तो अजून तंबोरा नसतो. घोडीवर तार टेकते तिथे घासून घासून तो उतार असा करायचा की तारेखाली सुती दोरा सरकवला की एका जागेला तार एकदम बोलायला लागते, एका तारेत दहा तारा असल्यासारखी. ती जवारी. वडिलांना शेवटी शेवटी ऐकू कमी यायचं तर ते भोपळ्यावर तळहात ठेवून डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, अजून उघडली नाही, घास. हाताला कळायचं त्यांना. आमच्याकडचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे, संस्थानी लढाया संपल्यावर त्यांनी सतारी-तंबोरे करायला घेतले, आता २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं. वडील ते बघायला नव्हते.

रात्री झोपताना मी दहा मिनिटं तंबोरा छेडत बसतो, गात नाही. मुलगी विचारते बाबा काय ऐकताय यात काहीच तर होत नाहीये. मी म्हणतो, तू पण हात ठेव.


माळव्यातला_मराठी

बार्शीच्या ताई, तुमचं पोस्ट वाचलं आणि राहवलं नाही. मी देवासचा. आमचं घराणं देवासच्या पवार संस्थानिकांच्या काळापासून इथं, घरात मराठी बोलतो पण लोक म्हणतात तुमच्या मराठीला माळवी वास येतो, येऊ दे.

माताजीच्या टेकरीच्या पायथ्याशी कुमारजींचं घर, भानुकुल. माझी शाळेची सायकल तिथूनच जायची. तुम्हाला आवाज वर जाऊन तुटण्याची भीती वाटायची ना, तो आवाज कुठून आला ते सांगतो. हा माणूस बेळगावजवळच्या सुळेभावीचा, घरची भाषा कन्नड, शिकला मुंबईत देवधर मास्तरांकडे, आणि १९४८ मध्ये क्षयरोग झाला म्हणून कोरड्या हवेसाठी देवासला आला. गाणं बंद. एक-दोन महिने नाही, पाच-सहा वर्षं. डॉक्टरांनी गुणगुणायला सुद्धा मनाई केलेली. मग पडल्या पडल्या काय करणार, ऐकणार. खिडकीबाहेरून बायका गात जायच्या, लग्नाची गाणी, पावसाची गाणी, पोर झाल्याची गाणी, आणि इथं शीलनाथ महाराजांची धुनी आहे, तिथं नाथपंथी साधू यायचे, एकतारीवर कबीर गायचे. ते गाणं मैफलीतलं नाही, कुणाला ऐकवायला गात नाहीत ते. एकटा माणूस उघड्या माळावर गातो तेव्हा आवाज असा फेकतो, कारण समोर भिंत नाही, परत काही येणार नाही. आणि फेकल्यावर थांबतो. तुम्ही गोधडीत जे ऐकत होतात ती तीच फेक होती.

आमची आजी, ती लग्न होऊन इंदूरहून आली, तिला शास्त्रीय गाण्यातलं ओ की ठो कळायचं नाही. पण रेडिओवर कुमारजींचं भजन लागलं की म्हणायची, अरे हे तर आपल्या धुनीवरचं आहे, हे रेडिओवर कसं गेलं. तिला त्यात मोठा गायक ऐकूच यायचा नाही, तिला तिच्या गल्लीतनं सकाळी जाणारा जोगी ऐकू यायचा. मला हेच भजन आजीकडून आलं असं मी मानतो. आता धुनीवर जातो तेव्हा उलटं होतं, तिथं कुणी साधा माणूस गात असला की मला त्यात कुमारजी ऐकू येतात.


स्वरवेडी_कोथरूड

सुंदर लिहिलंय सगळ्यांनी. पण मला एका गोष्टीवर बोलायचंय आणि ते जरा कळकळीने बोलतेय, कुणी राग मानू नका.

कुमारजींबद्दल बोलणं निघालं की दोन मिनिटांत आजार आणि एक निकामी झालेलं फुफ्फुस येतंच, आणि मग ते आवाजाचं तुटणं, छोट्या छोट्या फेकी, थांबे, सगळं त्या फुफ्फुसाच्या खात्यावर जमा होतं. मी गेली २२ वर्षं गाणं शिकतेय आणि मला हे पटत नाही. हा मुलगा दहा-अकरा वर्षांचा असताना मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवायचा, लोक थक्क व्हायचे. ज्याला दुसऱ्याचा लांब श्वास, दुसऱ्याची लांब तान जशीच्या तशी घेता यायची त्याने पुढे ते सगळं बाजूला ठेवून स्वतःचं काहीतरी उभं केलं, हा विचार आहे, हा निर्णय आहे. आजाराने त्यांना ऐकायला वेळ दिला हे मान्य. पण कुठे थांबायचं हे त्यांनी ठरवलं. आमच्या बाई एक गोष्ट करायला लावायच्या, कुमारजींचं कुठलंही भजन लावायचं आणि थांब्यांमध्ये मात्रा मोजायच्या. मोजून बघा. दमलेला माणूस कुठेही थांबतो, हे थांबे लयीत बसलेले आहेत, तबला तिथे चालू असतो आणि तो स्वर जणू अजून हवेत आहे असं धरून ते पुढचा घेतात.

त्यामुळे धाकटी, तुला जी शांतता आता बरी वाटते ती गाण्यातली सुट्टी नाहीये, ते गाणंच आहे. कृपा करून त्यांना दयेने ऐकू नका.


माळव्यातला_मराठी

ताई राग कसला, बरोबर बोललात. आजीच्या तोंडून मी ती आजाराची कथा इतक्यांदा ऐकली की ती आधी येते. मात्रा मोजून बघितल्या आत्ता, खरंच.


चहा_आणि_पाऊस

माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, पण मी सकाळपासून हा धागा तीनदा उघडलाय. चालू ठेवा.


सातपूरची_गायनपार्टी

जय भीम, नमस्कार सगळ्यांना. मी वेगळं सांगतो.

आमच्याकडे गाणं गप बसून ऐकायची गोष्ट कधीच नव्हती. पंखा बंद करून सगळ्यांनी चूप बसायचं हे वाचून मला नवलच वाटलं, कारण आमच्याकडे गप बसलेला माणूस म्हणजे त्याला गाणं आवडलेलं नाही. आजोबा मनमाडला रेल्वेत होते आणि त्यांची गायन पार्टी होती, पेटी, ढोलकी, बेंजो आणि मागे सहा-सात जणांचा कोरस. चौदा एप्रिलला दोन पार्ट्या समोरासमोर, रात्रभर, एकाने प्रश्न टाकायचा दुसऱ्याने गाण्यातून उत्तर द्यायचं, पहाटे घसे बसलेले आणि तरी कुणी उठत नाही.

आजोबा दुसरी शिकलेले. पण त्यांना चवदार तळं १९२७, काळारामचा सत्याग्रह १९३०, दीक्षा १९५६, सगळं तोंडपाठ, कुठल्या महिन्यात काय झालं, कोण हजर होतं. मी शाळेत इतिहासाला नापास व्हायचो तेव्हा ते म्हणायचे तू पुस्तकातून शिकतो म्हणून विसरतो, गाण्यातून शीक. आणि खरंच त्यांनी ते सगळं वामनदादा कर्डकांच्या गाण्यांतून शिकलं. वामनदादा आमच्या सिन्नर तालुक्यातले, देशवंडीचे, त्यांना स्वतःला अक्षरओळख मोठेपणी झाली आणि त्या माणसाने पुढे हजारो गाणी लिहिली. त्याच्या पण आधी जलसे होते, नाशिकच्या भीमराव कर्डकांचा जलसा म्हणजे आमच्या पणजोबांच्या पिढीचं कॉलेज. गावोगाव कंदिलाच्या उजेडात बाबासाहेबांचं म्हणणं लोकांपर्यंत गेलं ते असं गेलं, वाचता येत होतं कितीजणांना.

मला जे गाणं आलं ते आजोबांकडून नाही, आजीकडून. ती पार्टीत कधी गायली नाही, बायका मागे बसायच्या. पण आजोबा नवीन गाणं बसवायचे तेव्हा ती मोरीत भांडी घासत असायची आणि चाल तिला पहिली यायची. आजोबा अडले की ओरडायचे, अगं ती दुसऱ्या कडव्याची उडी कशी होती, आणि ती मोरीतूनच गाऊन दाखवायची, हातात राखेची किशी. आजोबांच्या पार्टीची एकही कॅसेट नाही आमच्याकडे, कुणी भरलीच नाही. त्यांची वही आहे, गाण्यांची, तिला चालीच नाहीत, नुसते शब्द. चाली सगळ्या आजीबरोबर गेल्या, जेवढ्या माझ्या आईला आल्या तेवढ्या राहिल्या. गेल्या महिन्यापासून मी रविवारी आईकडे जातो, वही उघडतो आणि फोन लावून ठेवतो. आतापर्यंत ११ झाल्या. कंपनीच्या बसमध्ये शिफ्टला जाताना तेच ऐकतो, आईचा आवाज, मधे कुकरच्या शिट्ट्या.

अजून एक. मी कुमार गंधर्वांचं काही ऐकलं नव्हतं, नावच ऐकून होतो, आमचं काम नाही ते असं वाटायचं. काल हे सगळं वाचून पहिल्यांदा लावलं. पण कबीर तर आमच्या घरातला आहे. बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले हे तीन गुरू मानले, त्यांचे वडील कबीरपंथी होते, त्यांच्या घरात पहाटे कबीराची भजनं व्हायची. म्हणजे ताई, तुमच्या वडिलांच्या पहाटे आणि आमच्या बाबासाहेबांच्या वडिलांच्या पहाटे एकच माणूस येत होता. मी रात्री दोन वाजेपर्यंत ऐकत बसलो.


स्वरवेडी_कोथरूड

दादा, ११ वर थांबू नका. आणि चाल भरताना आईला आधी नुसती चाल गायला सांगा, मग शब्द, मग दोन्ही. शब्दांच्या ओघात चालीतल्या बारीक जागा जातात आणि नंतर कुणालाच सांगता येत नाही इथे काय होतं.


सांगेकार

मी गोव्यातून. मराठी चुकलं तर समजून घ्या, घरात कोंकणी.

माझ्या आईचं गाव कुर्डी, सांगे तालुका. साळावली धरणात गेलं, ऐंशीच्या दशकात पाणी चढलं, माणसं त्याआधी हलवली. पण मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं. घरांचे चौथरे, पायऱ्या, झाडांचे बुंधे, भेगा पडलेली माती, आणि सोमेश्वराचं देऊळ. जुने गावकरी त्या दिवसांत तिथे जमतात, देवाचं करतात. आई दरवर्षी जाते. हांगा आमची तुळस आशिल्ली, म्हणजे इथं आमची तुळस होती, असं म्हणत एका चौथऱ्यावर उभी राहते.

त्याच गावच्या मोगूबाई कुर्डीकर. त्यांच्या घराचे अवशेष पण तिथेच. लहानपणी मला आईने तो ढिगारा दाखवला आणि सांगितलं इथली बाई मुंबईला जाऊन एवढी मोठी गायिका झाली, अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकली, आणि तिची मुलगी किशोरी आमोणकर. मला त्यात तेव्हा काही वाटलं नाही. नंतर मी पणजीला नोकरीला लागलो, एका मित्राच्या खोलीवर किशोरीताईंचा भूप राग ऐकला. त्यात पाचच स्वर, आणि त्या एकेका स्वराकडे इतक्या वेळा परत येतात, दरवेळी जरा वेगळ्या बाजूने, की मला एकदम आईच आठवली, त्या चौथऱ्यांमधून फिरताना. इथं दार होतं, इथं चूल होती, परत दाराशी, परत चुलीशी.

गेल्या मे मध्ये आईला तिथेच मोबाइलवर ऐकवला. तिने चप्पल काढली आणि उभ्याने ऐकला. मग म्हणाली, हे घर सोडून गेलेल्या माणसाचं गाणं आहे. मी म्हटलं ताई तर मुंबईतच जन्मल्या. ती म्हणाली तर आईकडून आलं असेल.

शास्त्रीय माहिती असणारे हसतील, पण मला भूप आता असाच ऐकू येतो.


मिरजेचा_जवारीवाला

कुणी हसणार नाही हो. आमच्याकडे मिरजेत दर्ग्याच्या उरुसाला चिंचेच्या झाडाखाली गाणं होतं, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ तिथे गायचे, त्यांची कबर पण तिथेच, म्हणून मोठमोठे गवई अजून येऊन हजेरी लावतात. मी जे गाणं त्या झाडाखाली ऐकलं तेच हॉलमध्ये ऐकलं तर मला अर्धंच ऐकल्यासारखं वाटतं. जागा गाण्यात उतरते.


बार्शीची_धाकटी

मंडळी, चार दिवस उत्तर देऊ शकले नाही, रोज रात्री येऊन सगळं वाचत होते. तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, कसे आभार मानू. स्वरवेडीताई, मात्रा मोजल्या मी पण, आणि लहानपणी गोधडीत मी खरंच आकडे मोजायचे, आवाज परत कधी येतो म्हणून, हे मला विसरायलाच झालं होतं. सातपूरच्या दादांना सांगायचं की बाबांच्या पहाटेबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी बहिणीला वाचून दाखवलं, आम्ही दोघी बराच वेळ बोललो नाही.

काल पहिली कॅसेट घेतली. १९८९ ची, शनिवार. जवारीवाले दादा, तुम्ही सांगितलं तसंच निघालं, फेल्टचा तुकडा गळून आत खडखडत होता. दुसऱ्या कॅसेटमधला लावला, चिमट्याने, हात थरथरत होते. बुरशी नव्हती. ऑफिसमधल्या एकाकडून डेक आणला, तंबोरा डुलत नाहीये, स्थिर आहे.

निवेदिकेचा आवाज आला, मग तंबोरा, मग गाणं सुरू झालं. आणि थोडं पुढे गेल्यावर मागे कुठेतरी वाटी पडल्याचा आवाज, स्टीलची, ती फिरत फिरत थांबते ते पूर्ण ऐकू येतं. मग फिस्सकन कुणीतरी हसतं, ती ताई असणार, मी पाच वर्षांची होते. आणि मग माइकच्या अगदी जवळून बाबा, शू. लांब, दोन-तीन सेकंदांचा. अगदी हळू, रागावलेला नाही. मग परत नुसतं गाणं.

आमच्याकडे बाबांचा व्हिडिओ नाही, फोनवर रेकॉर्ड केलेलं काही नाही, तेव्हा कुणाकडे होतं. २००१ नंतर काल पहिल्यांदा ऐकलं मी त्यांना. ताईला फोन करून ऐकवलं तर ती म्हणाली वाटी माझ्याच हातून पडली होती, कैरीची डाळ होती त्यात. तिला ती डाळ आठवते.

आता अडचण अशी झालीय की मी तुम्ही सांगितल्याप्रमाणे नॉइज रिडक्शन लावलं आणि सूंसूं छान गेली, गाणं स्वच्छ झालं, पण बाबांचा शू पण गेला. वाटी आहे, हसणं आहे, शू नाही, तिथे नुसती पोकळी ऐकू येते. मी काही चुकीचं केलं का? मूळ फाइल आहे, ठेवलीये.


मिरजेचा_जवारीवाला

ताई, तुमचं काही चुकलं नाही, चूक माझी, मी आधी विचारायला हवं होतं टेपवर अजून काय काय आहे.

टेपची सूंसूं आणि माणसाने केलेला शू हे आवाज एकाच जातीचे असतात, दोन्हीत ठरावीक असा स्वर नसतो, नुसती हवा, आणि दोन्ही वरच्या पट्टीत पसरलेले. तुम्ही सुरुवातीचा तुकडा देऊन सांगितलंत की हे असलं, एवढं हळू सगळं काढ, शू पण तेवढाच हळू असल्याने त्याने तोही काढला. त्याला बाबा कसे ओळखू येणार.

त्यामुळे आता असं करा. मूळ फाइलला हात लावू नका, तिच्या दोन प्रती करून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, एक बहिणीकडे. बाकीच्या कॅसेटी भरताना नॉइज रिडक्शन लावूच नका, कारण अजून कुठल्या टेपवर काय आहे तुम्हाला माहीत नाही, आजीचा खोकला असेल, पाटाचा आवाज असेल. ऐकायला साफ प्रत हवीच असेल तर गाण्याचा तेवढाच भाग निवडून हलक्या हाताने लावा आणि शूच्या आधी दहा सेकंद आणि नंतर दहा सेकंद सोडून द्या. सूंसूं राहू दे तिथे, कानाला सवय होते.

आणि कॅसेटच्या लेबलवर, रागाच्या खाली जागा असेल तर, शू कुठे आहे ती मिनिटं-सेकंद लिहून ठेवा. पुढे कुणी ही कॅसेट हातात घेईल तर त्याला कळलं पाहिजे.


बार्शीची_धाकटी

लिहिलं, निळ्या पेनने. ए बाजू, १४ मिनिटं २२ सेकंद. बी बाजू आज रात्री लावतेय, ताई पण येतेय बसायला.